फोटोखालची ओल

केकच्या धंद्यात फोटो केकला मागणी सतत असते, पण मान सर्वांत कमी. बाळाचं पहिलं वर्ष, आजींची पंचाहत्तरी, ऑफिसात कुणाची निवृत्ती, लग्नाची पंचविशी, प्रसंग कुठलाही असो, गिऱ्हाइकाला केकवर आपलं माणूस दिसायला हवं असतं. करणाऱ्यांच्या वर्तुळात मात्र फोंडंटच्या पाकळ्या वळणारीला कलाकार म्हणतात, नोजलनं गुलाब काढणारीच्या हाताचं कौतुक होतं, आणि फोटो केकचा विषय निघाला की ‘त्यात काय, छापायचं आणि चिकटवायचं’ असं म्हणून सगळे पुढे जातात. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला हे वाक्य मुळातूनच चुकलेलं वाटतं. छापण्याचा भाग यंत्राचा आहे, आणि चिकटवण्यासारखं तिथे फारसं काही नसतंच. नीट बसलेली शीट खालच्या क्रीममधली ओल घेऊन मऊ होते आणि हळूहळू त्या क्रीमचाच वरचा थर बनते. तिनं ओल किती घ्यावी, कधी घ्यावी आणि कुठे थांबावं हे करणाऱ्याला सांभाळावं लागतं. म्हणून फोटो केक हे स्वयंपाकाचं काम आहे असं मी मानते. हे एकदा मान्य केलं की त्यातलं कौशल्य कुठे आहे ते कळतं, आणि त्याची जबाबदारी कुणाची हेही आपोआप ठरतं. मला जास्त काळजी आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

बाजारात शीट दोन प्रकारच्या मिळतात, बहुधा ए-फोर मापाच्या. वेफर शीट बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि थोडं तेल यांपासून केलेली असते. पातळ, किंचित पिवळट, अर्धपारदर्शक आणि कडक. शुगर शीटला काही जण फ्रॉस्टिंग शीट किंवा आयसिंग शीट म्हणतात. तिच्यात साखर, मक्याचा स्टार्च, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, सेल्युलोजपासून केलेले घट्ट करणारे घटक असतात. ती मऊ आणि पांढरी असते आणि मागच्या पातळ प्लॅस्टिकला धरून असते. शाई म्हणजे पाणी, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि खाद्यरंग. निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू, पिवळ्यासाठी टार्ट्राझिन, किरमिजीसाठी कार्मोइसिन किंवा पॉन्सो फोर आर अशा रंगांवर सगळं चित्र उभं राहतं. प्रिंटर घरोघरी असतो तोच, इंकजेट. या कामात कॅननचे प्रिंटर जास्त दिसतात, कारण त्यांच्या अनेक मॉडेलांत शाई फेकणारं हेड काढून धुता येतं किंवा बदलता येतं. खाद्यशाई लवकर सुकते आणि बारीक छिद्रं बुजवते. एप्सनचं हेड बहुधा यंत्रातच पक्कं बसवलेलं असतं, ते बुजलं की प्रिंटरच बाजूला ठेवावा लागतो. म्हणून ऑर्डर नसली तरी दर थोड्या दिवसांनी एखादी रंगपट्टी साध्या कागदावर छापून हेड वाहतं ठेवावं लागतं. एवढी जपणूक केली की यंत्र आपलं काम चोख करतं. इथवरचं सगळं शिकायला फार वेळ लागत नाही.

अवघड आहे ते पुढे, शीट केकवर ठेवल्यानंतर. बटरक्रीममध्ये पाणी कमी आणि स्निग्धांश जास्त असतो. ताज्या, अजून न सुकलेल्या बटरक्रीमवर शुगर शीट ठेवली तर ती सावकाश ओल घेते, कडा खाली बसतात आणि काही वेळानं सुरीला शीट वेगळी लागतही नाही. तेच बटरक्रीम वरून सुकून कवच धरलेलं असेल तर शीटला ओल मिळत नाही, कोपरे वर उचलतात. अशा वेळी पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा लागतो. आपल्याकडे बहुतेक केक विप्ड क्रीमचे असतात, आणि विप्ड क्रीममध्ये पाणीच पाणी असतं. नॉन-डेअरी क्रीम स्टॅबिलायझरमुळे ते पाणी बरंच धरून ठेवतं, दुधाचं ताजं क्रीम मात्र काही तासांत पाणी सोडू लागतं. त्यावर शीट फार आधी ठेवली तर डोळ्यांची काळी कड गालांवर उतरते. वेफर शीटचं तर वेगळंच दुखणं: स्टार्च पाणी असमान पितो, त्यामुळे ओलसर क्रीमवर तिला सुरकुत्या पडतात आणि चेहरा फुगतो. तिच्या पाठीला वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात दिला तर मध्ये स्निग्धाचा पडदा तयार होतो आणि ती सपाट राहते. गनाशवर, फोंडंटच्या चकतीवर, क्रीमवर प्रत्येक ठिकाणी ओल वेगळी, म्हणून उपायही वेगळा. सडा घातलेलं अंगण फार ओलं असेल तर रांगोळीचा रंग पसरतो, पार सुकलेलं असेल तर धरत नाही. रांगोळी काढणारी बाई जमिनीकडे पाहून थांबते किंवा हात चालवते. फोटो केकचं कौशल्य याच जातीचं आहे. शीट कुठल्या घटकेला ठेवायची हे क्रीमकडे पाहून, बोटाच्या टोकाला त्याचा ताण जाणवून ठरतं.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, या कामाला हवेचाही जाच आहे. पावसाळ्यात शीटच्या पाठीचं प्लॅस्टिक सुटता सुटत नाही, कारण साखर आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतात आणि शीट चिकट होते. मिनिट-दोन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली तर ती ताठ होते आणि टेबलाच्या कडेवर हलकेच वाकवली की सुटून येते. कोरड्या हिवाळ्यात, विदर्भात किंवा मराठवाड्यात, नेमकं उलट होतं: शीट वाकवली की तडकते. म्हणून पाकीट उघडल्यावर उरलेल्या शीट हवा जाणार नाही अशा पिशवीत, उन्हापासून दूर ठेवायच्या असतात. पण सगळ्यांत जास्त केक बिघडतात ते फ्रिजमधून बाहेर काढल्यावर. केक ४-५ अंश सेल्सिअसला असतो. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या हवेतली वाफ २६ अंशांच्या आसपासच दव धरू लागते. म्हणजे केकचा पृष्ठभाग त्या रेषेच्या कितीतरी खाली असतो, आणि बाहेर आल्या आल्या फोटोवर पाण्याचे बारीक थेंब जमतात. रंग पाण्यात विरघळणारेच असल्यामुळे तो थेंब जिथे सरकतो तिथे रंगही सरकतो. बरेच जण घाबरून कागदाच्या रुमालानं टिपायला जातात आणि फोटो पुसून बसतात. दव आपोआप उडून जाऊ द्यावं, त्याला हात लावू नये. त्याहून बरं, केक बंद खोक्यातच ठेवून खोलीच्या तापमानाकडे येऊ द्यावा, म्हणजे दव खोक्यावर धरतं. न्यूट्रल जेलचा अगदी पातळ थर काही जण वरून देतात. तो बेतानं दिला तर चमक येते, जास्त झाला तर त्याच्याच पाण्यानं चित्र फिसकटतं. हे सगळं प्रिंटरच्या माहितीपुस्तकात नसतं. ते केक आणि हवा यांच्या जोडीतून शिकावं लागतं, आणि ज्या गावात काम करतो त्या गावापुरतं शिकावं लागतं.

रंगांचं गणितही कागदावरच्या छपाईहून वेगळं आहे. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते; चित्रातला पांढरा म्हणजे शीटचाच पांढरा. त्यामुळे पिवळट वेफर शीटवर, तीही चॉकलेटच्या केकवर ठेवली तर, लग्नातला पांढरा सदरा मळका दिसतो आणि चेहरा विझतो. काळा रंग बहुधा बाकीच्या रंगांच्या मिश्रणातून येतो, म्हणून ओल लागली की त्यातून हिरवट किंवा जांभळट झाक बाहेर पडते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचे रंग यात सर्वांत अवघड. थोडं किरमिजी जास्त झालं की माणूस तापलेला दिसतो, पिवळं जास्त झालं की काविळीचा. मोबाइलच्या पडद्यावर मागून उजेड असतो, साखरेच्या शीटला तो नसतो, त्यामुळे छापण्याआधी फोटो उजळ करावा लागतो, सावल्या सैल कराव्या लागतात आणि पहिल्यांदा एका छोट्या तुकड्यावर रंग पाहावा लागतो. माणसाला गोरं करून छापण्याचा मोह इथे जवळच असतो, आणि गिऱ्हाइकाला तेच आवडेल असं काही जणींना वाटतं. मी त्याच्या विरोधात आहे. घरच्यांना आपलं माणूस ओळखू यायला हवं, आणि सावळा रंग सावळाच, पण जिवंत दिसेल असा आणणं हे या कामातलं खरं कसब आहे. फोटोच्या दर्जाबद्दल थोडं सांगून पुढे जाते. ७ इंची वर्तुळ ३०० डीपीआयनं छापायचं तर २१०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. पूर्ण फोटोला ती चालते, पण लग्नाच्या समूहचित्रातून एक चेहरा कापून घ्यायचा असेल तर हाती शे-दोनशे पिक्सेलच उरतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागून घेतली की निम्मा प्रश्न सुटतो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप हाताचं काम करणाऱ्यांचा आहे आणि तो हलका नाही. त्यांचं म्हणणं असं की छापील फोटोमुळे गिऱ्हाइकाची नजर बिघडते, पायपिंगला किंमत उरत नाही, नव्या मुली नोजल धरायला शिकतच नाहीत. यातला शेवटचा भाग खरा आहे. वर्गांतून शिकून बाहेर पडणाऱ्या अनेकींना केकची बाजू सरळ करता येत नाही आणि फोटोच्या मागे ते लपतं. पण यंत्राची मदत केकवर आजच आलेली नाही. अमेरिकेत कोपीकेकचे प्रोजेक्टर वापरून चित्राची छाया केकवर पाडायची आणि तिच्यावरून आयसिंगनं रेघा ओढायच्या, ही पद्धत खाद्यछपाईच्या आधीपासून होती. स्टेन्सिल, साचे, चॉकलेटच्या ट्रान्सफर शीट यांना कुणी कमअस्सल म्हणत नाही. शिकागोच्या मोटो रेस्टॉरंटचे शेफ होमारो कँटू यांनी तर इंकजेट प्रिंटरनं खाण्याचा कागद छापून त्याचाच मेन्यू पानात वाढला, आणि त्याकडे पाककलेतला प्रयोग म्हणूनच पाहिलं गेलं. शिवाय हातानं जे साधत नाही ते फोटो साधतो. गुलाब कुणाच्याही वाढदिवसाला तोच असतो. त्या घरातल्या त्या आजीचं हसू फक्त तिचंच असतं, आणि ते आयसिंगनं काढू शकणारे हात फार थोडे. ज्यांना फोटो लपवायला उपयोगी पडतो असं वाटतं त्यांनी एकदा उंचसखल केकवर शीट ठेवून पाहावी. क्रीमचा प्रत्येक खड्डा चेहऱ्यावर उमटतो, सपाटीत थोडा जरी उतार असला तरी नाक वाकडं दिसतं. पॅलेट नाइफचा हात पक्का नसेल तर फोटो केक साध्या केकपेक्षा वाईट दिसतो. म्हणजे ज्या शिक्षणाची या मंडळींना काळजी आहे, ते शिक्षण फोटो केकला जास्तच लागतं.

दुसरा आक्षेप रंगांचा. आई-वडील विचारतात, एवढा रंग मुलांना द्यायचा का? या प्रश्नाला टाळणारं उत्तर देणं मला पटत नाही. २००७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला. ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या सुमारे ३०० मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण दिल्यावर मुलांच्या चंचलपणात वाढ दिसते, असं त्यात म्हटलं होतं. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेला तो पुरावा मर्यादित वाटला, तरीही युरोपीय संघानं २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागणुकीवर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापणं बंधनकारक केलं. टार्ट्राझिन, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर आर त्या सहांत आहेत. शीट पांढरीशुभ्र दिसावी म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, त्यावर युरोपीय संघानं २०२२ मध्ये अन्नात बंदी आणली. आपल्याकडे टार्ट्राझिन, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर आर हे तीनही रंग परवानगीच्या यादीत आहेत आणि बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायला हवं. पण मग तुलनाही नीट व्हायला हवी. फोटोतला रंग एका पातळ शीटच्या पृष्ठभागावर, थेंबाथेंबानं पडलेला असतो. गडद लाल किंवा काळ्या क्रीमचा केक करताना रंग सगळ्या क्रीममध्ये घोटला जातो आणि तो गडद व्हावा म्हणून पुन्हा पुन्हा घातला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागानं केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ असुरक्षित ठरल्याचं सांगितलं, तेव्हा नाव निघालं ते रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्टचं. ज्या आई-बाबांना रंग कमीत कमी हवा, त्यांना मी पांढऱ्या पार्श्वभूमीवर छोटा फोटो आणि बाकी केक बिनरंगाच्या क्रीमचा असं सुचवते. गडद निळं आकाश आणि सोनेरी चौकट छापण्यापेक्षा त्यात रंग कितीतरी कमी जातो, आणि चेहराही उठून दिसतो.

खरा धोका परवानगी असलेल्या रंगांपेक्षा परवानगी नसलेल्या वस्तूंचा आहे, आणि इथेच जबाबदारीचा प्रश्न येतो. शहरांत अनेक होम बेकर प्रिंटर ठेवत नाहीत. फोटो पुरवठादाराला पाठवायचा, छापलेली शीट संध्याकाळपर्यंत हातात येते. धंद्याच्या दृष्टीनं हे समंजस आहे. महिन्यातून दोन-चार फोटो केक करणारीनं यंत्र विकत घेऊन त्याचं हेड सुकवत ठेवण्यात अर्थ नाही. पण यामुळे काम दोन हातांत विभागलं जातं आणि प्रत्येक हाताला वाटतं की खाण्याचा भाग दुसऱ्याकडे आहे. ज्या प्रिंटरमध्ये एकदा साधी शाई गेली तो प्रिंटर खाण्याच्या छपाईला कायमचा बाद असतो, कारण हेड आणि नळ्यांतली शाई धुऊन पूर्ण निघत नाही. छापलेल्या शीटकडे पाहून हे कुणालाही ओळखता येत नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ या शब्दानंही फसगत होते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन १ ते ११ वर्षांची सहा मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. केकवरची गुलाबी-सोनेरी चमकदार पूड तांब्याची होती आणि ती खाण्यासाठी बनवलेलीच नव्हती, हे तपासात निघालं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२१ मध्ये तो अहवाल छापला. तिथला धडा शीटलाही तसाच लागू पडतो. विषारी नसणं आणि अन्न असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाकिटावर घटकांची यादी, उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ती वस्तू अन्न नाही असंच धरायला हवं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरगुती केक विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. शीट बाहेरून आली तरी केक आपल्या नावानं जातो. भाजी कुजकी निघाली तर पोळी-भाजी केंद्राची बाई भाजीवाल्याकडे बोट दाखवू शकत नाही, आणि दाखवतही नाही. आपणही पुरवठादाराला प्रिंटर वेगळा आहे का, शाई कुठली, हे विचारलं पाहिजे, आणि उत्तर द्यायला तो कचरत असेल तर त्याच्याकडून शीट घेणं थांबवलं पाहिजे.

याला जोडूनच शाकाहाराचा मुद्दा येतो, जो मला आपल्याकडे आश्चर्यकारकरीत्या दुर्लक्षित वाटतो. गिऱ्हाईक आवर्जून विचारतं, ‘केक एगलेस आहे ना?’ श्रावणात तर हमखास विचारतं. जैन घरांत याहून बारकाईनं विचारतात. पण केकवरच्या शीटबद्दल कुणी विचारत नाही. सजावटीच्या काही वस्तूंत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून येतं. काही लाल रंग कार्माइनचे असतात, ते कोचिनियल या किड्यापासून काढतात. बहुतेक शीट आणि शाई वनस्पतिजन्य आणि कृत्रिम घटकांच्याच असतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर दुसऱ्याच्या व्रताचा भरवसा ठेवता येत नाही. आणि बटाट्याच्या स्टार्चची वेफर शीट जैन घराला चालेल की नाही, हे त्या घरानं ठरवायचं. सांगायचं काम आपलं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहणं आणि घटकांची यादी वाचणं याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

यावर हटकून एक उत्तर येतं: फोटो कुणी खातच नाही, काढून बाजूला ठेवतात, मग एवढी चिंता कशाला? वेफर शीट कडक असते तोवर ती काढता येते हे खरं. पण नीट बसलेली शुगर शीट वेगळी निघतच नाही, आणि जी शीट अखंड निघते ती मुळात नीट बसलेली नसते. शिवाय शीट काढेपर्यंत रंग खालच्या क्रीममध्ये थोडे उतरलेले असतात. आणि वाढदिवसाच्या टेबलाभोवती उभी असलेली मुलं नेमका तोच तुकडा मागतात ज्यावर मोटार किंवा परी असते. मोठी माणसं जे बाजूला ठेवतात ते लहान मुलं हातानं उचलून खातात. ज्याचं पोट सर्वांत लहान त्याच्या वाट्याला सर्वांत रंगीत भाग जातो, हे धरूनच शीट निवडायला हवी.

चेहरा कापण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्यावर मला सगळ्यांपेक्षा जास्त विचार करावासा वाटतो. आपल्याकडे फोटोला हार घालतात, फोटोच्या पाया पडतात, पाय लागला तर हात लावून कपाळाला नेतात. अशा घरात आजीच्या चेहऱ्यावरून सुरी फिरताना कुणाच्या तरी मनात चर्र होतं, आणि ते अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. देवांचे, संतांचे आणि शिवाजी महाराजांचे फोटो केकवर मागितले जातात. मागणाऱ्याचा भाव भक्तीचाच असतो, पण पुढच्या दहा मिनिटांत त्या चित्राचं काय होणार याचा विचार त्यानं केलेला नसतो. अशा वेळी नकार देण्याआधी मी पर्याय सांगावा असं मानते: महाराजांच्या चित्राऐवजी किल्ल्याची आकृती किंवा भगवा ध्वज, गणपतीच्या चित्राऐवजी जास्वंद आणि दूर्वा. घरातल्या माणसाच्या फोटोसाठी उपाय मांडणीत आहे. फोटो केकच्या मधोमध न घेता वरच्या दोन तृतीयांश भागात बसवावा आणि खालची पट्टी नाव, तारीख, फुलं यांना मोकळी ठेवावी, म्हणजे पहिला काप त्या पट्टीतून जातो. किंवा फोटो फोंडंटच्या चकतीवर बसवून ती केकवर ठेवावी. कापण्याआधी ती अख्खी उचलून ताटलीत ठेवता येते. हे पर्याय गिऱ्हाईक स्वतःहून मागत नाही, कारण ते शक्य आहेत हे त्याला ठाऊक नसतं. छपाईवाल्याच्या मनात हा विचार येण्याचं कारण नाही. तो केक कापणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या मनात येतो.

कार्टूनचे फोटो हा आणखी एक विषय. त्या चित्रांवर कुणाचा तरी हक्क असतो आणि विक्रीच्या केकवर ती बिनधास्त छापणं कायद्याला धरून नाही, एवढं प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं.

केकच्या वर्गांत फोटो केक बहुधा शेवटच्या दिवशी, वेळ उरला तर दाखवतात: शीट सोलायची, ठेवायची, कडेनं शेल बॉर्डर काढायची आणि झालं. त्याऐवजी एक पूर्ण दिवस द्यावा असं मी सुचवेन. एकच फोटो चार केकवर लावायचा, बटरक्रीमवर, नॉन-डेअरी क्रीमवर, दुधाच्या ताज्या क्रीमवर आणि गनाशवर. दर तासाला पाहायचं, कुठे रंग सरकला, कुठे कड उचलली. त्यांतले दोन फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढायचे, एक उघडा आणि एक खोक्यातला. पाकिटावरची घटकांची यादी प्रत्येकीनं मोठ्यानं वाचायची आणि त्यातला जो शब्द कळला नाही त्याचा अर्थ शोधायचा. पुरवठादाराला विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्यायचे. असा वर्ग पावसाळ्यात घेतला तर उत्तम, कारण त्या दिवसांत केक काही लपवत नाही.